बुरशीला वाव कोण देतो?



संयोजकांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, "कँडिडा आणि आयुर्वेदातला आहार-विहार." पलीकडे जरा शांतता पसरली. मग हळूच प्रश्न आला, "बाई, हे नाव पत्रिकेवर छापलं तर लोक येतील का?" आपण आलात. सभागृह भरलेलं आहे, आणि भगिनींची बाजू तर जास्तच भरलेली दिसते. म्हणजे हे नाव माझ्या आधीच, मोबाइलवरून, आपल्या घरात पोहोचलेलं आहे.

माझ्याकडे हल्ली माणसं तक्रार घेऊन येत नाहीत, निदान घेऊन येतात. "डॉक्टरीणबाई, पोट गच्च राहतं, थकवा असतो, गोड खावंसं वाटतं, डोकं जड असतं, केस गळतात. माझा कँडिडा वाढलाय ना?" कुठे पाहिलं? व्हिडिओत. त्यात सांगितलेली परीक्षाही करून झालेली असते. सकाळी उठल्यावर ग्लासभर पाण्यात थुंकायचं आणि खाली तंतू उतरतात का ते पाहायचं. तंतू उतरले की बुरशी! अहो, लाळ चिकट असते. ती पाण्यात पडली की तिचे धागे सुटतातच. तुमचे सुटतील, माझे सुटतील, अध्यक्ष महोदयांचेही सुटतील. त्या ग्लासातून बुरशीबद्दल काहीही कळत नाही.

आज मला जे सांगायचं आहे ते फार मोठं नाही. बुरशी मारायला धावण्याआधी दोन प्रश्न विचारा. ही खरंच बुरशी आहे का? आणि असेल, तर तिला वाढायला वाव कोणी दिला? माझं सगळं व्याख्यान या दोन प्रश्नांभोवती आहे. पहिल्या प्रश्नाला कमी वेळ देईन, दुसऱ्याला जास्त.

बुरशीवर संशय घेण्याच्या बाबतीत आपला शेगाव तालुका तसा अनुभवी आहे. जानेवारी २०२५ आठवतो ना? बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांची नावं देशभर गेली. आधी डोक्याला खाज, मग हात लावला की केस हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, गडी, शाळकरी पोरं, सगळेच. पहिल्या दिवसांत काय म्हटलं गेलं? बुरशीचा संसर्ग असावा. कोणी शाम्पूवर बोट ठेवलं, कोणी पाण्यावर. पाणी तपासलं, तर त्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले. पण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात ही बातमी आहे का? आपल्या आज्या-पणज्यांनी हेच पाणी शेंदलं. त्यांचे केस काही चार दिवसांत गेले नाहीत.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं, नमुने गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामासाठी ज्यांना आपण ओळखतो, त्यांनीही स्वतः नमुने गोळा करून तपासून घेतले. त्यांनी मांडलेला हिशेब असा: १८ गावं, २७९ माणसं. बाधितांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट. जस्त मात्र कमी. त्यांचं बोट गेलं ते रेशनच्या गव्हाकडे, पंजाब-हरियाणाच्या बाजूने आलेल्या गव्हाकडे. पुढे काही महिन्यांनी काहींची नखंही गळू लागली.

आता विचार करा. त्या जानेवारीत एखाद्या बाईने बुरशीचं मलम आणून महिनाभर डोक्याला चोळलं असतं आणि ताटात तीच पोळी राहिली असती, तर काय झालं असतं? मलमाच्या ट्यूबा संपल्या असत्या. संशय घेणं चूक नव्हतं. तपासणाऱ्याने कुठूनतरी सुरुवात करायचीच असते. पण संशय आला म्हणजे निदान झालं, असं समजून तिथेच थांबलो असतो तर ताटापर्यंत कोणी पोहोचलंच नसतं.

तर, कँडिडा आहे तरी काय? ते एक यीस्ट आहे, एकपेशीय बुरशी. तिच्या अनेक जाती आहेत, त्यांतली आपल्याला सर्वांत जास्त भेटणारी कँडिडा अल्बिकन्स. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, स्त्रीच्या योनिमार्गात ती एरवीही असते आणि काही उपद्रव देत नाही. १८३९ साली लांगेनबेक नावाच्या जर्मन शल्यवैद्याने विषमज्वराच्या एका रुग्णात अशी बुरशी पाहून तिची नोंद केली. कँडिडा हे नाव आलं १९२३मध्ये, ख्रिस्टीन बर्कहाउट या डच संशोधक बाईंकडून. पुढे प्रतिजैविकांचं, म्हणजे अँटिबायोटिक्सचं युग आलं आणि बुरशीचे आजार वाढले. १९५०मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या दोन बायकांनी, एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन यांनी, मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशीवरचं औषध शोधलं. आपल्या राज्याच्या नावावरून त्यांनी त्याला निस्टॅटिन म्हटलं. (बर्कहाउट, हेझन, ब्राउन. या बुरशीच्या इतिहासात बायका बऱ्याच आहेत. विज्ञानाच्या पुस्तकात मुलींना हे सांगायला हरकत नाही.)

मग हे पोट, थकवा, डोकं जड असं सगळं एका बुरशीवर घालण्याची कल्पना आली कुठून? अमेरिकेतून. विल्यम क्रुक नावाच्या डॉक्टरांचं 'द यीस्ट कनेक्शन' हे पुस्तक १९८३मध्ये निघालं आणि तुफान खपलं. शरीरात कँडिडा वाढतो आणि त्यामुळे सगळं अंग आजारी पडतं, असा दावा. दावा झाला, म्हणून तो तपासला गेला. १९९०मध्ये त्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. असा त्रास असलेल्या ४२ स्त्रियांना आळीपाळीने कधी निस्टॅटिन दिलं, कधी नुसती औषधासारखी दिसणारी गोळी. काय दिसलं? योनिमार्गाच्या तक्रारी निस्टॅटिनने कमी झाल्या. पण थकवा, उदासी, अंगदुखी? ती दोन्हींनी सारखीच कमी झाली. म्हणजे बुरशी मारली काय, न मारली काय, त्या तक्रारींना फरक पडला नाही.

हे मी का सांगते? थकवा खोटा आहे म्हणून नव्हे. थकवा खराच असतो. पण त्याच्यामागे रक्त कमी असणं असेल, थायरॉइड असेल, साखर असेल, झोप नसेल, घरातली चिंता असेल. एका बाईचं हिमोग्लोबिन सात आहे आणि ती सहा महिने साखर सोडून, खोबरेल तेल पिऊन कँडिडाशी लढते आहे, असं मी पाहिलेलं आहे. मला त्या बाईचा राग येत नाही. तिला हे विकणाऱ्याचा येतो.

आता मी ज्या शास्त्रात शिकले, त्याच्याकडे वळते. आधी स्पष्ट सांगून टाकते: चरकसंहितेत कँडिडा नाही. सुश्रुतात नाही, वाग्भटात नाही. सूक्ष्मदर्शक नव्हता, तर बुरशीच्या पेशी कोण पाहणार? जो वैद्य म्हणतो की आपल्या ऋषींना कँडिडा ठाऊक होता, त्याच्यापासून दोन हात लांब राहा. ग्रंथाचा मान राखायचा तर त्यात नाही ते त्याच्या तोंडी घालू नये.

पण ग्रंथात जे आहे, ते थोडं नाही. चरकांच्या विमानस्थानाचा सातवा अध्याय उघडा. तिथे कृमींचं वर्णन आहे. आपण कृमी म्हटलं की जंत समजतो. चरकांचा कृमी त्याहून मोठा आहे. त्यात मळात होणारे आहेत, कफात होणारे आहेत, रक्तातले आहेत, आणि रक्तातले काही तर इतके सूक्ष्म की डोळ्यांना दिसत नाहीत. एकूण वीस प्रकार. पण मोजायला सुरुवात करतानाच ते काय म्हणतात? सहज कृमी सोडून वीस. सहज म्हणजे जन्माबरोबरचे, अंगी असणारेच. ते या हिशेबात धरायचे नाहीत; टीकाकार सांगतात, ते रोग करत नाहीत! दोन हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस, हाती भिंगसुद्धा नाही, आणि त्याच्या मोजणीतून निघतं की अंगावरचा प्रत्येक जीव शत्रू नसतो. मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा परीक्षेसाठी वाचलं आणि पुढे गेले. त्यातला जीव मला फार उशिरा कळला.

आणि उपचार? तीन पायऱ्या. पहिली अपकर्षण, म्हणजे ओढून बाहेर काढणं. दुसरी प्रकृतिविघात, म्हणजे त्याला जगायला जे मानवतं ते बिघडवणं, त्यासाठी कडू, तिखट, तुरट, क्षार, उष्ण. तिसरी निदानपरिवर्जन. निदान म्हणजे इथे कारण. ज्या कारणाने झालं, ते सोडणं. आज कँडिडाच्या नावाने बाजारात जेवढं काही मिळतं, ते सगळं पहिल्या दोन पायऱ्यांवर उभं आहे. कडुनिंबाच्या गोळ्या, लसणाच्या कॅप्सूल, पोट साफ करायचं चूर्ण. तिसरी पायरी कोणी विकत नाही, कारण सोडायचं काही असलं तर त्याचे पैसे कोण घेणार?

कडुनिंब, हळद, लसूण, त्रिफळा यांचा बुरशीवर परिणाम काचेच्या बशीत दिसतो, हे खरं आहे. पण काचेच्या बशीत पुष्कळ गोष्टी मरतात. आपल्या आतड्यातून, रक्तातून, योग्य जागी, पुरेशा मात्रेत ते पोहोचतं का, हा वेगळा प्रश्न. मी ही औषधं वापरते. त्यांच्या भरवशावर कारण सुरू ठेवत नाही.

सुश्रुतांचं एक उदाहरण देते, आपल्या मातीतलं. पावसाळ्यात सोयाबीनच्या, कपाशीच्या वावरात निंदायला जाणाऱ्या बायांना चिखल्या होतात. पायाच्या बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, ओली होते, खाजते, आग होते. या सभागृहात असं एकही शेतकरी घर नसेल, जिथे चिखल्या माहीत नाहीत. सुश्रुतांच्या निदानस्थानात क्षुद्र रोगांमध्ये 'अलस' नावाचा रोग सांगितला आहे. लक्षणं हीच, बोटांच्या मधली जागा ओली, खाज, आग, दुखणं. आणि कारण? घाण चिखलाचा स्पर्श. बास, तेवढंच. आज आपण त्या बेचक्यातून खरवड घेऊन पाहिली तर कधी कँडिडा दिसेल, कधी दुसरी बुरशी, कधी जिवाणू. पण पाय ओलाच राहिला तर मलम बदलून काय होणार? वावरातून आल्यावर पाय धुवा, बेचक्यात फडकं घालून कोरडे करा, रात्री उघडे ठेवा. मलम त्यानंतर. दिवसभर धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या नखाच्या कडा सुजतात, नखुरडं होतं, तिथेही हाच न्याय. लठ्ठ माणसाच्या जांघेत, स्तनांखाली, पोटाच्या वळीत लालभडक चट्टा उठतो, तिथेही हाच. घाम, घट्ट नायलॉनचे कपडे, ओल. सुती कपडा आणि कोरडी त्वचा यांची जाहिरात कोणी करत नाही, म्हणून मी करते.

आता वाव देणाऱ्यांकडे नीट पाहू. पहिलं, प्रतिजैविकं. सर्दी झाली, दुकानातून गोळ्या आणल्या, तीन दिवस घेतल्या. आतड्यात आणि योनिमार्गात जे उपकारक जिवाणू असतात ते मेले, आणि बुरशीला जागा मिळाली. सोयाबीनचं पीक आपणच उपटून टाकलं, तर त्या जागी तण येणार नाही का? आणि मग आपण तणाला शिव्या देतो! विषाणूच्या सर्दीला ही गोळी लागतच नाही. लागते तेव्हा जरूर घ्यावी, पूर्ण घ्यावी. न्यूमोनियाच्या रुग्णाला मी कधीच म्हणणार नाही की काढा पी.

दुसरं, स्टेरॉइड. दम्याच्या पंपात असतं, तिथे ते हवंच. पंप ओढल्यावर चूळ भरून टाका, म्हणजे तोंडात पांढरी बुरशी धरणार नाही. दोन मिनिटांचं काम. बुरशीवर लावलेलं मलमातलं स्टेरॉइड मात्र घातक. खाजेवर 'एकदम आराम' देणारी मिश्र मलमं दुकानात चिठ्ठीविना मिळतात. खाज दबते, बुरशी पसरते. आणि तितकीच कडू गोष्ट माझ्या घरची: आयुर्वेदिक म्हणून विकलेल्या, नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार वेळोवेळी उघडकीस आले आहेत. चार दिवसांत सांधे मोकळे, भूक जोरात, चेहरा गोल, अशी पुडी कोणी देत असेल, तर ती आयुर्वेदाची नाही. मग तो देणारा भगवे कपडे घालो की पांढरे.

तोंडातल्या बुरशीवरून आठवलं: कवळी रात्री तोंडात ठेवून झोपणाऱ्या आजोबांनाही सांगते, काढून ठेवा, घासून ठेवा. पुढे चला.

तिसरं आणि सगळ्यांत मोठं, साखर. खाल्लेली नव्हे, रक्तातली. हा फरक लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ इथेच होतो. व्हिडिओ सांगतो, गोड खाल्लं की आतड्यातला कँडिडा गोडावर पोसतो. जर्मनीत यावर प्रयोग झाला, १९९९मध्ये तो छापून आला. निरोगी माणसांना भरपूर साखर-मैद्यासारखे पदार्थ खायला दिले आणि आतड्यातली बुरशी मोजली. फारसा फरक पडला नाही. कारण साधं आहे. साखर लहान आतड्यातच शोषली जाते. पण मधुमेहाच्या माणसाच्या रक्तात साखर वाढलेली असते, लघवीत उतरते, लाळेत उतरते, प्रतिकार मंदावतो. तिथे बुरशी खरोखर माजते. लघवीच्या जागी वारंवार खाज येणारी बाई आली, किंवा शिश्नाच्या टोकाशी लाली आणि चिरा घेऊन पुरुष आला, की माझं पहिलं औषध म्हणजे साखरेची तपासणी. कितीतरी जणांचा मधुमेह असाच पहिल्यांदा सापडतो.

यात एक नवी गोष्ट. मधुमेहासाठी हल्ली डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या दिल्या जातात. त्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्या चांगल्या आहेत. पण लघवीत साखर, म्हणजे त्या जागी बुरशीची खाज होण्याची शक्यता वाढते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. प्रत्येक वेळी लघवीनंतर ती जागा पाण्याने धुऊन कोरडी करा, आणि तरी त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा. लाज वाटून पुष्कळ जण गोळीच सोडून देतात आणि कारण सांगत नाहीत.

म्हणजे आहाराचा प्रश्न फिरून मधुमेहापाशी येतो. आणि मधुमेहावर, प्रमेहावर, आयुर्वेदाकडे सांगायला भरपूर आहे. चरकांनी प्रमेहाची कारणं दिली आहेत ती ऐका: बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, दूध, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. कफज कृमींच्या कारणांतही दूध, गूळ, पिठाचे पदार्थ, खीर आणि अजीर्ण ही नावं येतात. स्त्रियांच्या कफज योनिव्यापदेचं वर्णन करताना खाज आणि चिकट स्राव सांगितला आहे, तिथेही कारण म्हणून शरीरात ओलावा आणि जडपणा वाढवणारा आहारच आहे. तीन वेगळे अध्याय, आणि ताट जवळपास एकच.

आता आपलं वऱ्हाडी ताट बघा. ज्वारीची भाकरी, पिठलं, अंबाडीची भाजी, मुळा, हिरवी मिरची, कांदा. गजानन महाराजांना भाविक आजही पिठलं-भाकरीचा नैवेद्य दाखवतात. तुरट, तिखट, कडसर, कोरडं. प्रकृतिविघाताची दुसरी पायरी आपल्या चुलीवरच होती. ज्वारी मागे गेली, रेशनचा गहू आला, वावरात सोयाबीन आलं. आपण पिकवतो ते विकतो आणि दुसऱ्याने पिकवलेलं खातो. चरकांनी आहाराचे आठ नियम सांगितले, त्यांतला एक 'देश', म्हणजे अन्न कुठल्या मातीत आलं हे पाहा. त्या १८ गावांना याचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला कळला असेल.

पण ज्वारीची आरती करायची नाही. आठांतला आणखी एक नियम 'राशी', म्हणजे किती. तीन भाकरी खाल्ल्या तर ज्वारीचीही साखर वाढतेच. मधुमेहाला एक-दीड भाकरी, वाटीभर डाळ किंवा उसळ, दोन वाट्या भाजी, हे माप मी सांगते. ग्रंथ म्हणतो पोटाचे तीन भाग करा: एक घन अन्नाला, एक पातळाला, एक रिकामा. आपण तिन्ही भरून वर पानाचा विडा ठेवतो.

उपासाचं बोलते. हा विषय शेगावात बोलताना जीभ जपून वापरावी लागते. एकादशी, गुरुवार, पारायणाचे दिवस, आणि पुढे नवरात्र. उपास करावा, पचनाला विश्रांती मिळते, ग्रंथही लंघन सांगतो. पण साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं, शेंगदाण्याचे लाडू, केळी, पुन्हा खिचडी, हे लंघन कुठून झालं? साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. तो तमिळनाडूत सेलमकडे कसाव्याच्या कंदापासून बनतो, आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. चरकांना तो माहीत नव्हता. मधुमेही बाई नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा खाते आणि दसऱ्यानंतर खाज घेऊन येते, हे मी दरवर्षी पाहते. उपास करायचाच असेल तर भगर थोडी, ताक, दुधी, काकडी, राजगिरा असं करा. आणि साखर उतरवण्याच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाआधी डॉक्टरांना विचारा. देवाला यात वाईट वाटत नाही.

दह्यावरून भांडण फार होतं. एक म्हणतो दही खा, त्यात चांगले जिवाणू असतात. दुसरा म्हणतो बुरशीवाल्याने आंबवलेलं काही खाऊ नये. दुसऱ्याचं ऐकू नका. पावात जे यीस्ट असतं ते कँडिडा नव्हे. चरकांचा आक्षेप वेगळा आहे: दही रात्री नको, तापवून नको, नुसतं नको. त्याच दह्याचं पाणी घालून घुसळलेलं ताक त्यांना फार प्रिय. जेवणानंतर जिरं-हिंग घातलेलं पातळ ताक, एवढं माझ्यासाठी पुरेसं आहे. आणि कचोरी? शेगावात बसून कचोरीवर बोलायचं नाही, तर कुठे बोलायचं? मैद्याचं आवरण, आत डाळीचं सारण, तळण. स्टेशनवर गाडी थांबली की खावी. रोज सकाळी नाश्ता म्हणून खाऊ नये. तिने कँडिडा होत नाही. तिने पोट सुटतं, आणि पुढचं मी सांगितलंच आहे.

चालण्याबद्दल सुश्रुतांनी एक विलक्षण उपाय लिहून ठेवला आहे. प्रमेहाचा रुग्ण गरीब असेल तर त्याने शंभर योजनं चालावं, अनवाणी, छत्रीविना, भिक्षा मागून, एका गावी एकच रात्र राहून. वाचताना मला आपली पालखीच दिसते. शेगावहून पंढरपूरला जाणारी पालखी सातशेहून अधिक किलोमीटर चालते, महिनाभराहून जास्त. सुश्रुतांची अट मात्र आपण मोडली: वाटेत ठिकठिकाणी शिरा, जिलेबी, गोड चहा! आणि मधुमेह्याने अनवाणी जाऊ नये. इथे मी सुश्रुतांचं ऐकणार नाही. पायाची संवेदना गेलेली असते, काच रुतली तरी कळत नाही. ग्रंथ वाचायचा तो असा, समोरच्या माणसाकडे बघत.

आता भगिनींशी. 'अंगावर पांढरं जातं' हे सांगायला बायका वर्ष-वर्ष लावतात. सांगतात तेव्हा आवाज इतका खाली की मला खुर्ची पुढे ओढावी लागते. चारांपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी या बुरशीचा त्रास होतो. त्यात चारित्र्याचा, अस्वच्छतेचा काही संबंध नाही. दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव, खाज, आग, वास फारसा नाही, अशी लक्षणं असली तर कँडिडा असू शकतो. वास येत असेल, रंग हिरवट-पिवळा असेल, ओटीपोट दुखत असेल तर बहुधा दुसरं काही आहे, आणि त्याचं औषध वेगळं. म्हणून तपासून घ्या. साधा स्राव मासिक चक्रानुसार बदलतो, तो रोग नव्हे. आत साबण, डेटॉल, लिंबू घालू नका. लसणाची पाकळी, कडुनिंबाचा रस, टी ट्री तेल आत ठेवायला सांगणारे व्हिडिओ आहेत. भाजून घेतलेल्या बाया माझ्याकडे येतात. आयुर्वेदात योनिधावन आहे, पिचू म्हणजे औषधात भिजवलेला बोळा ठेवणं आहे, पण ते वैद्याच्या देखरेखीखाली, निदानानंतर, आणि गरोदर स्त्रीला तर आपल्या मनाने काहीच नाही. गरोदरपणात बुरशीची तोंडाने घ्यायची गोळीसुद्धा टाळतात, आतून लावायचं औषध देतात. क्लोट्रिमॅझोलसारखं औषध बहुतेक वेळा काही दिवसांत काम करतं. ते घ्यायला माझ्या शास्त्राची हरकत नाही, आणि मी स्वतः रुग्णांना तिकडे पाठवते.

वर्षात तीन-चार वेळा झालं तर मात्र प्रत्येक वेळी दुकानातून तीच गोळी आणू नका. बुरशीच्या काही जाती त्या गोळीला दाद देत नाहीत. कोणती जात आहे ते तपासावं लागतं, साखर पाहावी लागते.

आणि एक गट असा आहे, ज्याला मी आहार-विहार सांगतच बसत नाही. कर्करोगाचं औषध चालू असलेला, एचआयव्ही असलेला, अतिदक्षता विभागात नळ्या लावलेला, वजन खूप कमी असलेलं नवजात बाळ. यांच्यात कँडिडा रक्तात शिरू शकतो आणि माणूस दगावू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये घातक बुरशींची यादी केली, तिच्यात कँडिडा अल्बिकन्स आणि २००९मध्ये जपानमध्ये सापडलेली कँडिडा ऑरिस या दोघी सर्वांत वरच्या गटात आहेत. खाता-गिळताना छातीत दुखत असेल, तोंडातली पांढरी पुटं पसरत असतील आणि वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. वैद्याकडे नंतर या, मी कुठे जात नाही.

माझं बोलणं संपलं. प्रश्नोत्तरांसाठी संयोजकांनी वेळ ठेवला आहे. ज्यांना उभं राहून विचारायचं आहे त्यांनी विचारा. ज्यांना नाही, त्यांच्यासाठी मागच्या दाराशी कोरे कागद ठेवायला सांगितले आहेत. नाव लिहायची गरज नाही. फक्त वय लिहा, साखर कधी तपासली ते लिहा, आणि सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही.